काळीतले घर: उन्हाळ्यात उघडणारी, पावसाळ्यात मिटणारी भेग

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले हे घर गावठाणाबाहेर, उसाच्या मळ्यातल्या काळ्या मातीत आहे. तळमजल्याचेच, ९.२ मीटर बाय ७.६ मीटर, नऊ इंची विटांच्या भिंतींवर साडेचार इंची स्लॅब. पुढे पूर्वेला चार खांबांचा व्हरांडा. जोते दोन फूट. पाया डबराचा, जमिनीखाली साडेतीन फूट खोल आणि तळाशी तीन फूट रुंद. पाया एप्रिलमध्ये खोदला. तेव्हा जमीन इतकी भेगाळलेली होती की कुदळीने ढेकळे सुटून येत होती. गवंड्याने जमीन 'दगडासारखी टणक' म्हणून पास केली. त्या दिवसापुरते ते खरेही होते.

पहिले वर्ष काही झाले नाही. दुसऱ्या मे महिन्यात नैऋत्येच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून स्लॅबकडे तिरपी भेग गेली. ती सिमेंटने बुजवली. पावसाळ्यात त्याच भिंतीला, भेगेपासून फूटभर अंतरावर, दुसरी भेग पडली. तिसऱ्या वर्षी हॉलच्या मध्यावरची फरशी उचलली, मोरीचे दार पावसाळ्यात चौकटीत अडकू लागले आणि उत्तरेकडच्या जोत्याचा दगड ओळंब्यातून १२ मिलिमीटर बाहेर आला. चौथ्या वर्षी व्हरांड्याचे खांब वर सरकले. 'खांब खचला' हे सगळ्यांनी ऐकलेले असते. खांब वर आला हे कोणाला पटेना, म्हणून व्हरांड्याचा स्लॅब आणि घराची भिंत यांच्यामधली फट बांधकामाची चूक समजून तीनदा भरली गेली.

गाव पांढरीवर का वसले

आपल्याकडे शेताला काळी आणि गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. जुन्या गावांनी घरे पांढरीवर बांधली. काळी पिकासाठी राखली. गावठाण अपुरे पडल्यावर वस्ती मळ्यात गेली, पण पाया घालण्याची पद्धत पांढरीचीच राहिली: तीन-साडेतीन फूट खणा, डबर भरा, भिंत उभी करा. या घराचे मूळ दुखणे हेच आहे.

काळ्या मातीतला फुगणारा घटक म्हणजे स्मेक्टाइट गटातली चिकणमाती, मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोच खडक साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा झाला आणि सांगलीच्या सपाटीवर काळी माती. फरक पाण्याचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच मीटरहून जास्त पाऊस पडतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका वाहून जातात आणि मागे लोह, ॲल्युमिनियम आणि न फुगणारी केओलिनाइट उरते. कमी पावसाच्या सपाट भागात हे घटक जागेवरच राहतात आणि त्यांतून मॉन्टमोरिलोनाइट घडते. काळ्या रानात हातभर खोलीवर चुनखडीचे खडे सापडतात, ते याच न वाहून गेलेल्या कॅल्शियमचे.

मॉन्टमोरिलोनाइटचा कण कांद्याच्या पापुद्र्यांसारखा असतो. प्रत्येक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा आणि ऋण विद्युतभाराचा. तो भार भरून काढायला दोन पापुद्र्यांच्या मधे कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन बसतात. पाणी आले की ते या आयनांभोवती गोळा होते आणि पापुद्रे दूर सरकतात. कोरड्या अवस्थेत एका पापुद्र्यापासून पुढच्यापर्यंतचे अंतर ०.९६ नॅनोमीटर असते. पाण्याचा एक थर शिरला की १.२५, दोन थर शिरले की सुमारे १.५, तीन थरांनंतर १.९ च्या आसपास. मधे कॅल्शियम असेल तर गाडी साधारण इथे थांबते. सोडियम असेल तर पापुद्रे त्याही पलीकडे सुटे होत जातात. केओलिनाइटचे पापुद्रे एकमेकांना हायड्रोजन बंधाने घट्ट धरून असतात, पाण्याला आत जागाच मिळत नाही. म्हणून जांभ्यावरच्या घराला हा त्रास नाही.

सोडियमचा मुद्दा कृष्णाकाठी जास्त महत्त्वाचा आहे. वर्षानुवर्षे पाटपाणी देऊन, निचरा नसलेली जमीन इथे क्षारपड झाली, काही ठिकाणी चोपण झाली. चोपण म्हणजे सोडियमने भरलेली काळी. ती त्याच काळ्या मातीपेक्षा जास्त फुगते, पाणी खाली सोडत नाही आणि ओली झाली की पिठासारखी विरघळून वाहते. या घराच्या उत्तरेच्या बाजूच्या मातीचा सामू (पीएच) ८.९ निघाला.

तपासणी

कोपऱ्यांजवळ चार आणि हॉलच्या मधोमध एक असे पाच खड्डे हाताच्या ऑगरने घेतले. काळी माती २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. खाली चुनखडीमिश्रित मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक. पाया काळीच्या वरच्या निम्म्यातच, दरवर्षी सुकणाऱ्या आणि भिजणाऱ्या पट्ट्यात संपला होता.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी चाचणी फ्री स्वेल इंडेक्सची, म्हणजे माती मोकळी सोडली तर किती फुगते याची: भारतीय मानक आयएस २७२० भाग ४०. भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घ्यायची. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत टाकायची, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचे. रॉकेल पापुद्र्यांत शिरत नाही, म्हणून त्या नळीतली माती फुगत नाही. तिच्याशी तुलना करायची. इथे रॉकेलमध्ये ११ आणि पाण्यात २४ मिलिलिटर आले. फरक १३, भागिले ११, म्हणजे ११८ टक्के. आयएस १४९८ च्या वर्गवारीत ५० च्या खाली कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त, त्यापुढे अति. हे घर 'जास्त'मध्ये बसते. चोपण मातीवर हीच चाचणी फसू शकते. बारीक कण २४ तासांनंतरही गढूळ तरंगत राहतात आणि वाचन कुठे घ्यायचे ते कळत नाही. माती फारच फुगणारी असेल तर ५ ग्रॅम माती किंवा २५० मिलिलिटरची नळी वापरावी.

बाकीचे आकडे: लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तो ओलावा) ७४, प्लास्टिक लिमिट (माती न तुटता वळता येते तो किमान ओलावा) ३१, श्रिंकेज लिमिट (ज्याखाली ती आणखी आकसत नाही तो ओलावा) ११, चिकणमातीचे प्रमाण ५६ टक्के. फुगण्याचा दाब, म्हणजे कोरडा नमुना भिजवताना त्याला तसूभरही वाढू न देण्यासाठी वरून द्यावा लागणारा दाब, चौरस मीटरला साडेतेरा टन.

आता घराचे वजन या आकड्याशेजारी ठेवून पाहा. भिंत तीन मीटर उंच, तिचे मीटरला सुमारे १.४ टन. स्लॅबचा वाटा एक टन. जोते आणि पायाचे दगडकाम सुमारे २.४ टन. एकूण मीटरला ४.८ टन, तीन फूट रुंदीवर पसरले की चौरस मीटरला सव्वापाच टन. मातीचा दाब साडेतेरा. फरशी आणि तिच्याखालचा कोबा मिळून तर चौरस मीटरला जेमतेम ३५० किलो. 'हलके घर आहे, साधा पाया चालेल' हा समज काळीत उलटा पडतो. जितके घर हलके तितके ते सहज उचलले जाते, आणि सगळ्यांत आधी उचलले जाते ते सगळ्यांत हलके: फरशी, व्हरांडा, कंपाउंडची भिंत.

ओलाव्याचे मोजमाप मे महिन्यात केले. जमिनीखाली दोन फुटांवर नैऋत्य कोपऱ्याबाहेर १४ टक्के, हॉलच्या मध्याखाली ३३ टक्के. एकाच घराखाली ही तफावत. मधल्या मातीवर फरशी असल्याने तिचे बाष्प उडत नाही, ती वर्षानुवर्षे ओल धरत जाते आणि फुगून बसते. कडेची माती उन्हाळ्यात सुकते, पावसाळ्यात भिजते. पारदर्शक नळीच्या पाणलेव्हलने सगळ्या खोल्यांत एकेका मीटरवर उंची घेतली तेव्हा हॉलचा मध्य पश्चिमेच्या भिंतीलगतच्या फरशीपेक्षा ४१ मिलिमीटर उंच निघाला.

भेगांचे वाचन तीन स्क्रूंनी केले. भेगेच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक स्क्रू बसवायचा आणि दर पंधरवड्याला व्हर्नियर कॅलिपरने अंतरे घ्यायची. काचेची पट्टी चिकटवून ती फुटते का पाहण्यापेक्षा हे किती तरी चांगले, कारण काच फक्त हालचाल झाली एवढेच सांगते, दिशा सांगत नाही. नैऋत्येची भेग मेमध्ये वर ९ मिलिमीटर, खाली २. सप्टेंबरमध्ये वर ३. वर रुंद म्हणजे कोपरा खाली चाललेला. पावसाळ्यात मिटते म्हणजे कोपरा परत वर येतो. नुसता भार न पेलवून खचणारा पाया असे करत नाही. तो एकाच दिशेने जातो.

कोपऱ्याकोपऱ्याचे कारण

नैऋत्येला भिंतीपासून साडेतीन मीटरवर सुमारे बारा मीटर उंचीचा कडुलिंब आहे. दुपारचे ऊन आणि झाडाची मुळे मिळून त्या कोपऱ्याची ओल ओढून घेतात. ईशान्येला मोरी आणि तिच्या भिंतीपासून दीड मीटरवर शोषखड्डा. शोषखड्डा मुरमात चालतो. काळीत पाणी खाली झिरपत नाही, आडवे पसरते आणि पायाखाली येते. उत्तरेला उसाची पहिली सरी भिंतीपासून दोन मीटरवर, पाट भरून पाणी दिले जात होते.

चौथे कारण भिंतींच्या आत दडलेले होते. पायातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरली होती. वाहतूक वाचते म्हणून हे सर्रास केले जाते. दोन फूट काळी माती चारही बाजूंनी दगडात कोंडलेली, तीही एप्रिलमधली वाळलेली ढेकळे. ओल आली तेव्हा तिने फरशी वर ढकलली आणि जोत्याचा दगड बाहेर. उत्तरेच्या जोत्यावरची आडवी भेग तिचीच.

दुरुस्त्यांनीही भर घातली. मेमध्ये उघडलेली भेग एकास तीन सिमेंटने गच्च भरली की पावसाळ्यात कोपरा वर येतो तेव्हा तिला मिटायला जागा नसते. भिंत मग शेजारी फुटते. दुसरी दुरुस्ती म्हणजे पश्चिमेच्या पायालगत चर खणून भरलेली वाळू. वाळूची गादी फुगवण शोषून घेते हा समज अजून पक्का आहे. काळीत खणलेला वाळूचा चर म्हणजे पाण्याचे टाके. पावसाचे पाणी त्यात साठते आणि पायालगतच्या मातीला महिनाभर पाजत राहते. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी वाळूऐवजी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर पुढे आणला. कालव्यांच्या अस्तरासाठी तो आयएस ९४५१ मध्ये घेतला गेला, आणि या घराच्या फरशीखाली तोच वापरायचे ठरले.

काम कोणत्या क्रमाने झाले

भेगा शेवटी, पाणी आधी. ऑक्टोबरच्या शेवटी, माती वापशावर असताना काम सुरू केले. हा मुहूर्त महत्त्वाचा आहे. मेमध्ये घराभोवती ओल अडवणारा पॉलिथिनचा आडोसा घातला तर कोरडी माती आत कोंडली जाते, आणि पुढे कधी नळ गळला की ती सगळी एकदम फुगते. ऐन पावसात घातला तर चिखलात चर टिकत नाही.

शोषखड्डा बंद करून त्यात मुरूम ठासला. सांडपाणी चार इंची पाइपने उताराकडे, घरापासून नऊ मीटरवर नेले. पाइपचे जोड रबर रिंगचे ठेवले, कारण चिकटवलेला कडक जोड हलत्या जमिनीत पहिल्याच वर्षी सुटतो. उसाच्या पहिल्या चार सऱ्या मोडल्या, पुढे ठिबक केले.

मग भिंतीपासून १.८ मीटरवर घराभोवती १.२ मीटर खोल, एक फूट रुंद चर. आतल्या अंगाला २५० मायक्रॉनचा दुहेरी पॉलिथिन कागद, जोडांवर अर्धा मीटर एकावर एक, आणि चर ओल्या मुरमाने ठासून भरला. चर आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यावर चार इंच काँक्रीटचा फुटपाथ, बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार. फुटपाथ भिंतीला चिकटवून ओतला नाही. १२ मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरली. चिकटवला असता तर फुटपाथ उचलताना जोत्याला धरून गेला असता.

कडुलिंब तोडला नाही. तोडला असता तर मुळांनी सुकवलेली माती पुढची काही वर्षे हळूहळू पाणी पीत फुगत राहिली असती आणि खाली गेलेला कोपरा पूर्वीपेक्षा वर आला असता. फांद्या एक तृतीयांश छाटल्या. चर त्या बाजूला दोन मीटर खोल नेला, मुळे चरातच तोडली आणि आतल्या कोपऱ्यात दोन इंची ऑगरने सहा भोके दीड मीटरपर्यंत घेऊन भरड वाळू भरली. ठिबकचे ताशी ४ लिटरचे ड्रिपर त्यांवर ठेवून रोज एक तास पाणी दिले आणि दर आठवड्याला ओलावा मोजला. तो २८ टक्क्यांवर आला तेव्हा पाणी बंद करून भोके चिकणमातीने बुजवली. हे काम घाईत करू नये. एका रात्रीत नळी सोडून कोपरा भिजवला तर भिंत फुटते.

हॉलची फरशी काढून ०.९ मीटर खोदले. त्यातली दोन फूट जोत्यातली भरणी, एक फूट मूळ जमीन. पायाचा तळ त्याहून अडीच फूट खाली असल्याने पाया उघडा पडला नाही. भरायला मुरूम आणला तो तपासून: चिकणमाती १५ ते २५ टक्के, लिक्विड लिमिट ३० ते ५०, फुगण्याचा दाब चौरस मीटरला एक टनाच्या आत. मुरूम म्हणून आलेल्या एका खेपेचा फ्री स्वेल इंडेक्स ६२ निघाला, त्यात काळी मिसळलेली होती. ती परत पाठवली. हॉल ४.२ बाय ३.६ मीटर, मुरमाची जाडी ७५ सेंटिमीटर, म्हणजे ठासलेला ११.३ घनमीटर. सुटा मोजून पाच ब्रास लागला. पाच थर, प्रत्येक १५ सेंटिमीटरचा, पाणी इष्टतमपेक्षा, म्हणजे माती सर्वांत घट्ट बसते त्या ओलाव्यापेक्षा, दोन टक्के जास्त, प्लेट कॉम्पॅक्टरने कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत. धुमसाने एवढे दाबले जात नाही.

काढलेल्या काळ्या मातीत चार ते सहा टक्के चुना मिसळून तीच परत भरता आली असती. चुन्याचा कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सामू १२.४ पर्यंत चढतो आणि मातीतली सिलिका-ॲल्युमिना चुन्याशी बांधली जाते. इथे ते मुद्दाम टाळले. चोपण सुधारायला या रानात जिप्सम टाकलेले होते. जिप्सममधले सल्फेट, चुना आणि मातीतले ॲल्युमिनियम एकत्र आले की एट्रिंजाइट तयार होते, आणि ते स्वतःच भरपूर पाणी धरून फुगते. जिप्सम पडलेल्या रानातल्या मातीत सल्फेट तपासल्याशिवाय चुना घालू नये.

व्हरांड्याचा स्लॅब घरापासून २५ मिलिमीटरची फट ठेवून कापला. टेकू देऊन जुने खांब काढले. नवे चार खांब २.७ मीटर खाली, मुरमावर ९० सेंटिमीटर चौरस फुटिंगवर घेतले. फक्त मुरमापर्यंत जाणे पुरत नाही. ९ इंची चौकोनी खांबाचा २.४ मीटर भाग काळीत, त्याची बाजू २.२ चौरस मीटर. फुगणारी माती चौरस मीटरला तीन टनांनीही पकडून वर ओढू लागली तर ६.६ टन होतात, आणि खांबावरचा भार केवळ २.८ टन. म्हणून खांबाला दोन पदरी पॉलिथिन गुंडाळले, खड्डा मुरमाने भरला आणि १२ मिलिमीटरच्या चार सळ्या फुटिंगपासून वरपर्यंत अखंड नेल्या. जमिनीलगतच्या बीमखाली ८० मिलिमीटर पोकळी ठेवली. काळी चार मीटरपेक्षा खोल असती तर इथे अंडर-रीम्ड पाइल घेतले असते: दांडा २५ सेंटिमीटर, तळाचा फुगा त्याच्या अडीच पट, हंगामी हालचालीच्या पट्ट्याखाली बसवलेला.

भिंतीखाली पाइल घेऊन पाया खोल करण्याचा विचार सोडून दिला. साडेपाच टनांच्या आतल्या भारासाठी तो खर्च घराच्या किमतीशी जुळत नव्हता, आणि ओलावा स्थिर न करता नैऋत्येचा एकच कोपरा खोल नेला असता तर तो कोपरा स्थिर आणि बाकी घर हलते अशी नवीनच भेग तयार झाली असती.

पुढचे चौदा महिने

भेगांना वर्षभर हात लावला नाही. नैऋत्येची भेग पुढच्या मेमध्ये ३.९ आणि सप्टेंबरमध्ये ३.२ मिलिमीटर होती. आधी हाच फरक सहा मिलिमीटरचा असे. त्यानंतर डिसेंबरमध्ये, ती मधल्या स्थितीत असताना, दर चौथ्या थराच्या सांध्यात ८ मिलिमीटरच्या गंजरोधक सळ्या एकेक मीटर लांबीच्या बसवून शिवली आणि चुना-सिमेंटच्या नरम मसाल्याने भरली. या घराला जोत्यावर पट्टा नाही आणि लिंटेल (दार-खिडक्यांवरच्या तुळया) सुटे आहेत. जोत्यावर आणि लिंटेलच्या पातळीवर अखंड आरसीसी पट्टा असता तर हालचाल तीच राहिली असती, पण भेगा केसाएवढ्या राहिल्या असत्या.

मोरीचे दार आता अडकत नाही. उत्तरेच्या जोत्यातली काळी भरणी मात्र स्वयंपाकघर आणि मोरीखाली अजून तशीच आहे, आणि तिथली आडवी भेग पावसाळ्यात एक मिलिमीटरने उघडते. तिथला ओटा आणि नळकाम काढावे लागेल तेव्हाच ती भरणी बदलता येईल. तोपर्यंत चारही कोपऱ्यांच्या जोत्यात बसवलेल्या पितळी खुणांवर मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा लेव्हल घ्यायची आहे. संदर्भाची खूण घरावर किंवा कंपाउंडवर नको, ती विहिरीच्या मुरमात उतरलेल्या दगडी बांधकामावर आहे. काळीत उभी असलेली कुठलीही खूण घराबरोबरच वर-खाली होते.